काळ लिहिणारें घड्याळ

मनगटावर बांधावयाच्या वस्तूस इतिहास असतो, हें पुष्कळांस पटत नाहीं. दागिन्यास असतो, शस्त्रास असतो. परंतु बाजारांतून आणलेल्या घड्याळास तो कोठून असणार, असें सामान्यतः वाटतें. तथापि २०२१ सालच्या अखेरीस जपानच्या सायको कंपनीनें 'स्पीडटायमर' या आपल्या जुन्या नांवानें जें एक नवें घड्याळ बाजारांत आणिलें, त्याची तबकडी नुसती निरखून पाहिली तरी तीवर दोनशें वर्षांचा लेख कोरलेला दिसतो. पांढरी तबकडी, तींत काळ्या रंगाचीं तीन लहान वर्तुळें, भोंवतीं धातूच्या वळ्यावर उतरत गेलेले आंकडे, आणि उजव्या अंगास चावीच्या वर एक व खालीं एक अशा दाबावयाच्या दोन कळा. साठ वर्षांपूर्वींच्या मोटारशर्यतींच्या चालकानें हातांत बांधावें असा हा सारा थाट आहे. आंत मात्र ना स्प्रिंग, ना डोलणारें चक्र. हें घड्याळ चावी मागत नाहीं, वर्षादोनवर्षांनीं नवा सेलही मागत नाहीं. तें उजेडावर जगतें.

या चेहऱ्यावरील बहुतेक कोणतीही रेघ शोभेसाठीं जन्मास आलेली नाहीं, हें आम्ही येथें दाखवूं इच्छितों. एकेकीच्या मागें कोणाची तरी गरज, कोणाची तरी चूक आणि कांहींच्या मागें कोणाचा तरी मृत्यु उभा आहे. पोटांतील यंत्रानें मात्र या सर्वांशीं नातें तोडलें आहे. चेहरा आजोबांचा आणि काळीज परक्याचें, अशी ही जोड कशी जमली याची हकीकत मनोरंजक आहे आणि थोडी खिन्न करणारीही आहे.

प्रथम नांवाचाच विचार करूं. क्रोनोग्राफ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ काळ लिहिणारा. आजचें घड्याळ कांहींच लिहीत नाहीं. तें केवळ मोजतें व दाखवितें. मग हें नांव आलें कोठून? १ सप्टेंबर १८२१ रोजीं पॅरिसच्या शां-द-मार्स मैदानावर घोड्यांच्या शर्यती होत्या. तेथें निकोला रिओसेक नांवाच्या घड्याळजीनें एक पेटीवजा यंत्र ठेविलें होतें. त्यांतील तबकडी फिरत राही, आणि एकेक घोडा शेवटची रेषा ओलांडतांच लेखणीतून तीवर शाईचा एक ठिपका पडे. शर्यत संपली कीं कोणता घोडा किती सेकंदांनीं आला हें दप्तरांतील नोंदीप्रमाणें वाचून घ्यावें. हें खरोखरीच काळाचें लेखन होतें, आणि पुढल्या वर्षीं रिओसेकनें त्याचें पेटंटही घेतलें. पुढें शाई वाळली. नांव तेवढें राहिलें.

रिओसेकचा मान जवळजवळ दोनशें वर्षें निर्वेध होता. परंतु २०१३ सालीं लुई म्वाने या दुसऱ्या फ्रेंच घड्याळजीचें १८१६ सालचें एक यंत्र उजेडांत आलें. ताऱ्यांच्या वेधासाठीं केलेलें तें यंत्र सेकंदाचा साठावा भाग दाखवी! घोड्यांच्या अगोदर ताऱ्यांनीं क्रोनोग्राफ घडविला, ही गोष्ट आम्हांस तरी अधिक आवडते. पण म्वानेच्या यंत्राचा मागोवा घेऊन पुढें कोणी चाललें नाहीं, आणि वंश चालला तो घोड्यांच्या शर्यतीचाच, हें कबूल केलें पाहिजे.

एक अडचण उरली होती. चाललेला कांटा थांबविणें सोपें. परंतु त्यास पुनः शून्यावर आणावें कसें? लंडनमध्यें धंदा करणाऱ्या आडोल्फ निकोल या स्विस कारागिरानें १८४४ सालीं यावर जो तोडगा काढिला, तो इतका सुटसुटीत आहे कीं सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्यानें कांट्याच्या आंसावर पत्त्यांतील बदामाच्या आकाराचा एक लहानसा तुकडा बसविला. कळ दाबली कीं एक हातोडी त्या बदामाच्या कडेवर येऊन पडते. बदाम कोणत्याही स्थितींत असो, दाबाखालीं तो घसरत घसरत फिरतो आणि हातोडी त्याच्या वरच्या खांचेंत जाऊन टेकली म्हणजेच थांबतो; त्याजबरोबर कांटाही डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों शून्यावर येतो. पुढील सव्वाशें वर्षांत क्रोनोग्राफाचें बाकी सारें बदललें, पण हा बदाम कोणास बदलावासा वाटला नाहीं. विसाव्या शतकांत घड्याळ खिशांतून मनगटावर आलें, आणि १९३४ सालीं विली ब्राइटलिंगनें चालविण्याची व शून्यावर आणण्याची अशा दोन कळा वेगळ्या केल्या. आजच्या घड्याळाच्या उजव्या कडेस ज्या दोन कळा दिसतात त्यांचें मूळ हेंच.

आतां वळ्यावरील आंकडे. त्यांस टॅकिमीटर म्हणतात, व तें सारें गणित एका भागाकाराचें आहे. तासाचे सेकंद ३६००. मैलाच्या किंवा किलोमीटरच्या एका दगडापाशीं कळ दाबावी, दुसऱ्यापाशीं पुनः दाबावी. मधले सेकंद ४५ असतील तर कांट्यासमोर ८० हा आंकडा येतो, आणि तीच ताशी गति. आपल्या जुन्या पंचांगाची भाषा ज्यांस ठाऊक आहे त्यांस एक गंमत सांगतों. एक पळ म्हणजे २४ सेकंद. तेव्हां एका पळांत एक किलोमीटर जाणारी मोटार ताशी १५० ची झाली. १९५५ सालीं इटलींतील मिल्ले मिलिया या शर्यतींत स्टर्लिंग मॉस यानें ब्रेशियाहून निघून रोमवरून पुनः ब्रेशियास येण्याचा सुमारें १६०० किलोमीटरांचा रस्ता १० तास ७ मिनिटें ४८ सेकंदांत कापला. म्हणजे डोंगर, गांवें, पूल, वळणें सर्व धरून प्रत्येक किलोमीटरास त्यास एक पळही लागलें नाहीं. शेजारीं बसलेला डेनिस जेन्किन्सन कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर अगोदर टिपलेलीं वळणें वाचून हातानें खुणा करीत होता. इतक्या वेगांत वाचावयाचें घड्याळ म्हणजे सुखाची वस्तु नव्हे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

आणि तें नीट वाचतां आलें नाहीं तर काय होतें? ह्यॉयर या स्विस घराण्यांतील तरुण जॅक ह्यॉयर १९५८ सालीं एका रॅलींत वाटाड्या म्हणून बसला असतां स्वतःच्याच कंपनीचें मोटारींत लावलेलें घड्याळ वाचण्यांत एका मिनिटानें चुकला व पहिला क्रमांक हातचा गेला. दुसरा कोणी असता तर त्यानें दैवास बोल लावला असता. यानें दोष तबकडीस दिला आणि तबकडीच बदलावयास घेतली. १९६२ सालचें मनगटी 'ऑटेव्हिया' आणि १९६३ सालचें 'कॅरेरा' या दोहोंच्या स्वच्छ, मोकळ्या तबकड्यांमागें ती मिनिटाची चूक आहे. त्याच १९६३ सालीं रोलेक्सचें 'डेटोना' निघालें. पांढऱ्यावर काळें किंवा काळ्यावर पांढरें असें ठळक वर्तुळ हिसके बसणाऱ्या मोटारींत झटकन् दिसावें, एवढाच त्या रंगांचा हेतु. शौकीन लोकांनीं पुढें त्यास पांडा हें नांव देऊन त्याची खेळण्यासारखी गोडी केली, हा भाग निराळा.

परंतु या नांवांतच एक काळी छाया आहे. कॅरेरा हें नांव मेक्सिकोंतील ज्या शर्यतीवरून घेतलें, ती १९५० पासून पांचच वर्षें चालली आणि वाढत्या मृत्यूंमुळें बंद पडली. मॉसनें जिंकलेली मिल्ले मिलिया १९५७ च्या अपघातानंतर संपली. आणि सर्वांत भयंकर म्हणजे ११ जून १९५५ चा ल मां येथील प्रसंग: प्येर लव्हेग याची मर्सिडीज उडून प्रेक्षकांवर पडली आणि ऐंशींहून अधिक माणसें मेलीं. शर्यत तरीही थांबविली नाहीं. या अपघातानंतर स्वित्झर्लंडनें आपल्या भूमीवर वर्तुळाकार मार्गावरील मोटारशर्यतींस बंदी घातली, ती पुढें साठ वर्षांहून अधिक काळ टिकली. २०१८ सालीं झूरिच येथें विजेच्या मोटारींपुरती ती सैल झाली, आणि २०२२ सालीं तेथील संसदेनें ती उठविण्याचा निर्णय केला. म्हणजे ज्या देशानें साऱ्या जगाच्या शर्यतींस घड्याळें पुरविलीं, त्या देशांत त्या काळांत वर्तुळाकार मार्गावरील शर्यत जवळजवळ नव्हतीच. या विसंगतीस ढोंग म्हणावें काय? आमच्या मतें नाहीं. ज्यानें घड्याळ विकलें तो कारखानदार आणि ज्यानें बंदी घातली तें सरकार हीं एक नव्हेत. पण तबकडीवरील थाट पाहून मोहित होणाऱ्यानें हीं दोन्ही पानें एकत्र वाचावीं, एवढें म्हणावेंसें वाटतें.

त्या पानांवर एक नांव ठळक आहे: जो सिफर्ट. हा स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर्गचा. स्वदेशीं शर्यत नाहीं म्हणून परदेशीं धांवला. १९६८ सालीं इंग्लंडांतील ब्रँड्स हॅच येथें ब्रिटिश ग्रांप्री जिंकला. पुढल्या वर्षापासून ह्यॉयरचें घड्याळ तो मनगटावर बांधी, अंगरख्यावर तिचें चिन्ह लावी, आणि सोबतच्या चालकांस तींच घड्याळें विकीतही असे. स्टीव्ह मॅक्वीन या अमेरिकन नटानें १९७१ च्या 'ल मां' या चित्रपटांत जो वेश केला तो सिफर्टचाच होय, आणि हातांतलें चौकोनी 'मोनॅको' घड्याळ त्यामुळें जगप्रसिद्ध झालें. त्याच वर्षीं २४ ऑक्टोबर रोजीं, ज्या ब्रँड्स हॅचवर त्यानें विजय मिळविला होता त्याच ठिकाणीं, सिफर्टची मोटार आदळून पेटली व तो गेला. नटाचें चित्र आजही जाहिरातींत झळकतें. ज्याचें सोंग त्यानें घेतलें होतें त्याचें नांव किती खरेदीदारांस ठाऊक असेल, कोण जाणे.

दुसरा नट पॉल न्यूमन. त्यास मोटार हांकण्याचा नाद लागला तेव्हां पत्नी जोअन वुडवर्ड हिनें त्यास एक 'डेटोना' दिलें आणि पाठीवर, जपून हांक, अशा अर्थाचे तीन शब्द कोरून घेतले. तेंच घड्याळ २६ ऑक्टोबर २०१७ रोजीं न्यूयॉर्कच्या लिलांवांत १ कोटि ७७ लक्ष ५० हजार डॉलरांस गेलें. लिलांव करणारांनीं किंमत घड्याळाची केली. आम्हांस विचाराल तर त्यांतील मोठा हिस्सा त्या काळजीचा होता.

येथवर सांगितलेलीं बहुतेक घड्याळें हातानें चावी द्यावयाचीं होतीं. हाताच्या हालचालीनें आपोआप चावी भरणारीं साधीं घड्याळें पुष्कळ निघालीं होतीं, पण क्रोनोग्राफ तसा करणें दाटीमुळें जमेना. १९६९ सालीं तें तिघांनीं एकदम जमविलें. १० जानेवारीस झेनिथनें 'एल प्रिमेरो' जाहीर केलें. ३ मार्चला ह्यॉयर, ब्राइटलिंग आणि त्यांचे सहकारी यांनीं आपलें यंत्र पुढें आणिलें. आणि मे महिन्यांत सायकोचें स्पीडटायमर जपानी दुकानांत सरळ विकावयास आलें. अग्रपूजेचा मान कोणाचा याचा वाद अद्याप मिटलेला नाहीं, आणि मिटण्याचें कारणही नाहीं. एकानें आधीं सांगितलें, एकानें मागाहून विकलें. सायकोनें गाजावाजा कमी केला म्हणून तिचा हक्क कमी ठरत नाहीं. याच जातीचें एक घड्याळ विल्यम पोग या अंतराळवीरानें १६ नोव्हेंबर १९७३ रोजीं निघालेल्या स्कायलॅबच्या फेरींत खिशांतून नेलें. अधिकृत सामानांत त्याची नोंद नव्हती. सरावांत त्याची संवय झाली होती, म्हणून नेलें, इतकेंच. आणि ८४ दिवस तें पृथ्वीभोंवतीं फिरलें.

परंतु ज्या वर्षीं या कलेस शिखर चढलें, त्याच वर्षाच्या अखेरीस तिच्या मुळावर घाव बसला, आणि तोही यांतल्याच एकाच्या हातून. २५ डिसेंबर १९६९ रोजीं सायकोनें 'ॲस्ट्रॉन' हें स्फटिकाच्या कंपनावर चालणारें पहिलें मनगटी घड्याळ विकावयास काढलें. किंमत ४,५०,००० येन. तेवढ्यांत त्या काळीं एक लहान मोटार येई. पण तें महिन्यास पांच सेकंदांहून अधिक चुकत नसे. किंमत झपाट्यानें उतरली आणि स्वित्झर्लंडच्या दऱ्यांखोऱ्यांतील कारखाने एकामागून एक ओस पडले. १९७० च्या सुमारास त्या धंद्यांत सुमारें ९०,००० माणसें होतीं; पंधरा वर्षांनीं तीं ३०,००० च्या आसपास उरलीं.

ल लोक्ल गांवीं झेनिथ कारखाना त्या वेळीं अमेरिकन मालकांच्या ताब्यांत होता. १९७५ सालीं त्यांनीं हुकूम केला कीं चावीचीं घड्याळें करणें बंद करावें व त्यांचीं हत्यारें भंगारांत काढावीं. शार्ल व्हेर्मो नांवाचा एक मुकादम तेथें होता. त्यानें आधीं मालकांस पत्र लिहून विनविलें. उपयोग झाला नाहीं. तेव्हां त्यानें रोजच्या कामाच्या आड एल प्रिमेरोचे साचे, कापणीचीं हत्यारें आणि सर्व क्रिया लिहिलेलीं टिपणें एकेक करून माळ्यावर नेलीं, त्यांस चिठ्ठ्या लाविल्या आणि तीं तेथें लपविलीं. सांपडला असता तर नोकरी गेली असती. पुढें मालक बदलले, दहाएक वर्षांनीं तेंच यंत्र पुनः करावेंसें वाटलें, तेव्हां नव्यानें हत्यारें घडविण्याचा खर्च न झेपणारा होता. व्हेर्मोनें माळ्याची वाट दाखविली. १९८८ पासून रोलेक्सनेंही आपल्या डेटोनांत हेंच यंत्र सुधारून घातलें. शर्यतीच्या घड्याळांचा इतिहास लिहितांना चालक व नट यांचीं नांवें सर्वत्र येतात. या मुकादमाचें नांव त्यांच्याहून पुढें घालावें असें आम्हांस वाटतें.

आतां उजेडाकडे वळूं. प्रकाशानें वीज उत्पन्न होते हें १८३९ सालीं एदमों बेकेरेल यास दिसलें, तेव्हां तो अवघा १९ वर्षांचा होता. परंतु कामास येईल असा सिलिकनचा घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत चेपिन, फुलर व पिअर्सन यांनीं केला आणि २५ एप्रिल १९५४ रोजीं तो लोकांस दाखविला. पडलेल्या उन्हापैकीं शेंकडा सहाच्या सुमारास शक्ति तो विजेंत बदली. चार वर्षांनीं व्हॅनगार्ड उपग्रहावर तो आकाशांत गेला. स्फटिकाच्या घड्याळास वीज अगदींच थोडी लागते, त्यामुळें हा घट तेथें शोभणार हें उघड होतें. १९७६ सालीं जपानच्या सिटिझन कंपनीनें कांट्यांच्या घड्याळांत तो प्रथम बसविला. मात्र ते घट तबकडीवर उघडे दिसत, आणि घड्याळ घड्याळासारखें न दिसतां यंत्राच्या सुट्या भागासारखें दिसे. पुढील पिढ्यांनीं घट तबकडीच्या खालीं नेला आणि तबकडीच उजेड झिरपूं देईल अशी केली. हें काम बाहेरून दिसत नाहीं, म्हणून त्याचें कौतुकही होत नाहीं. परंतु जुना वेश घालून नवें यंत्र फिरूं शकलें तें या झिरपणाऱ्या तबकडीमुळेंच.

येथें क्षणभर विषय सोडून एक गोष्ट बोलतों. जयपुरास सवाई जयसिंगानें अठराव्या शतकांत बांधलेलें सम्राटयंत्र सुमारें २७ मीटर उंच आहे. त्याची सावली दर सेकंदास साधारण एक मिलिमीटर सरकते आणि तीवरून दोन सेकंदांपर्यंत वेळ काढतां येते. एवढें दगडाचें काम कशासाठीं, तर सूर्यास वेळ विचारण्यासाठीं. आजच्या घड्याळास सूर्य वेळ सांगत नाहीं. तो त्यास फक्त जेवूं घालतो.

तर मग २०२१ च्या या स्पीडटायमरबद्दल आमचा अभिप्राय काय? एक तक्रार आहे. आपल्या पूर्वजाचें नांव त्यानें घेतलें, रूप मात्र पुरतें घेतलें नाहीं. १९६९ च्या स्पीडटायमरच्या तबकडींत खालच्या बाजूस एकच लहान वर्तुळ होतें. या नव्यांत तीन आहेत, आणि तीं त्या काळच्या सर्वच शर्यतीच्या घड्याळांची एकत्र आठवण करून देतात. आजोबांचा अंगरखा म्हणून दाखविलेला अंगरखा आळींतल्या चारचौघांच्या कापडांतून शिवलेला निघावा, तसा हा प्रकार आहे. टॅकिमीटरचें तर बोलावयासच नको. तो ताशी ६० च्या खालीं सहसा उतरत नाहीं; मुंबईपुण्याच्या रस्त्यांवर संध्याकाळीं सहा वाजतां त्याचा उपयोग करून दाखवील त्यास आम्ही मानूं. ज्यांच्या हातीं हें घड्याळ येतें ते त्या कळा चहा मुरण्यासाठीं किंवा अंडें उकडण्यासाठीं दाबतात, आणि त्यांत लाजण्यासारखें कांहींच नाहीं.

आंत पाहूं जातां निकोलचा बदाम नाहीं. चक्रें गुंतविणारा खटका नाहीं, हातोडीही नाहीं. खालची कळ दाबली कीं कांटा उडी मारून शून्यावर येत नाहीं. बारीकशी विजेची मोटर त्यास भराभर पावलें टाकीत तेथवर नेऊन सोडते. जुन्या घड्याळांची संवय असलेल्यास हें चालणें पाहून थोडें चुकल्यासारखें होतें. उलट, व्हेर्मोच्या काळीं एवढें घड्याळ ज्या किंमतीस मिळे तिच्या मानानें हें पुष्कळ स्वस्त आहे, वेळ अधिक बरोबर ठेवतें, आणि त्याची तबकडी जॅक ह्यॉयरनें मागितली होती तितकी स्वच्छ वाचतां येते. साठ मिनिटांपर्यंतचा काळ तें मोजतें.

त्याच्या तबकडीवर एक खूण मात्र अशी आहे कीं जी कोणत्याही शर्यतीच्या चालकानें कधीं मागितली नव्हती, आणि सर्व रूपांत तीच एक आजची आहे: आंत सांठलेली शक्ति किती उरली हें दाखविणारा इवलासा कांटा. घट पूर्ण भरला असेल तर अंधारांत ठेवलेलें घड्याळ सहा महिने चालतें. आषाढांत आठ आठ दिवस ऊन पडत नाहीं, मनगट लांब बाहीखालीं झांकलेलें असतें, तेव्हां तो कांटा हळूहळू खालीं येतो; मग रात्रीं घड्याळ काढून कपाटांत न टाकतां खिडकीच्या कट्ट्यावर ठेवावें, म्हणजे सकाळच्या ढगाळ उजेडांतही तें आपलें पोट भरूं लागतें.